क्लेम ‘अंडर प्रोसेस’ आहे, म्हणजे नेमका कुठे अडकलाय?

प्रश्न : माझे पती (वय ३८) मोटार रिवाइंडिंग आणि वायरिंगची कामं करतात. साडेचार महिन्यांपूर्वी महामार्गाच्या सर्व्हिस रोडवर मागून आलेल्या टेम्पोने त्यांच्या दुचाकीला उडवलं. उजव्या नडगीचं हाड मोडलं, ऑपरेशन करून रॉड घातला. सहा दिवस दवाखान्यात होते. कॅशलेस झालं नाही, १,८४,००० रुपयांचं बिल आम्ही उसनवारी करून भरलं. तीन लाखांचा फॅमिली फ्लोटर मेडिक्लेम आहे. कागद देऊन तीन महिने झाले, फोन केला की ‘अंडर प्रोसेस’ एवढंच उत्तर येतं. टेम्पोच्या विमा कंपनीकडून आलोय असं सांगणारे एक गृहस्थ घरी येऊन गेले. ६०,००० देतो, स्टॅम्पपेपरवर सही करा म्हणाले. पोलीस म्हणतात, चार्जशीट झाल्यावर या. ओळखीतले एक जण सांगतात, मेडिक्लेमचे पैसे घेतले तर कोर्टातून काही मिळत नाही. हे अजून कुबडी घेऊन चालतात, शिडीवर चढता येत नाही. आम्ही काय करावं?
— एक वाचक, कराड तालुका

ताई, बाकी सगळं बाजूला ठेवून आधी कॅलेंडर काढा. अपघाताच्या तारखेत सहा महिने मिळवा आणि त्या दिवसाभोवती लाल गोल करा. मोटार वाहन कायद्यातली २०१९ ची दुरुस्ती १ एप्रिल २०२२ पासून लागू झाली आणि तेव्हापासून कलम १६६(३) प्रमाणे नुकसानभरपाईचा अर्ज अपघातापासून सहा महिन्यांच्या आत दाखल करावा लागतो. त्याआधी बरीच वर्षं अशी मुदतच नव्हती. म्हणून जुन्या अनुभवावर बोलणारे ‘दोन वर्षांनी टाकला तरी चालतो’ असं अजून सांगत असतात. या अटीला सर्वोच्च न्यायालयात आव्हान दिलेलं आहे आणि निकाल लागेपर्यंत केवळ मुदतीच्या कारणावरून अर्ज फेटाळू नयेत, असा अंतरिम आदेश नोव्हेंबर २०२५ मध्ये झाला आहे. पण अंतरिम आदेशाच्या भरवशावर मुदत हुकवायची नसते. तुमच्याकडे दीड महिना आहे, तो पुरतो.

दुसरी गोष्ट, तुमच्या ओळखीच्यांचं म्हणणं चुकीचं आहे. तुमचे दोन दावे आहेत आणि ते एकमेकांचे पैसे खात नाहीत. मेडिक्लेम हा तुम्ही हप्ता भरून केलेला करार आहे. टेम्पोच्या विम्यावरचा दावा हा टेम्पोचालकाच्या चुकीमुळे कायद्याने मिळणारा हक्क आहे. मेडिक्लेममधून मिळालेली रक्कम मोटार अपघाताच्या भरपाईतल्या वैद्यकीय खर्चातून वजा करता येणार नाही, असा निकाल मुंबई उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठाने मार्च २०२५ मध्ये दिला आहे. महाराष्ट्रातल्या मोटार अपघात दावा न्यायाधिकरणांवर, म्हणजे असे दावे ऐकणाऱ्या न्यायालयांवर, तो बंधनकारक आहे. तेव्हा एकाची वाट बघत दुसरा थांबवू नका. तुमच्या पत्रावरून नेमकं तेच चाललेलं दिसतं.

आता मेडिक्लेम. ‘अंडर प्रोसेस’ हे उत्तर नव्हे. फाइल तीनपैकी एका ठिकाणी असते. एक, टीपीएने (विमा कंपनीच्या वतीने दावे हाताळणाऱ्या संस्थेने) क्वेरी काढली आहे, म्हणजे कागद किंवा खुलासा मागितला आहे, आणि ती तुमच्यापर्यंत पोचलेली नाही. ती बहुतेक वेळा एजंटने फॉर्मवर घातलेल्या स्वतःच्या ईमेलवर किंवा जुन्या मोबाइल नंबरवर जाते. दोन, तपासनीस नेमला आहे आणि तो दवाखान्यात जाऊन इनडोअर केस पेपर (दाखल असतानाच्या उपचारांच्या नोंदी) मागतोय. तीन, दोन-तीन स्मरणपत्रं पाठवून ‘कागद न मिळाल्याने बंद’ असा शेरा मारून फाइल मिटवली आहे आणि कॉल सेंटरवरच्या माणसाला ते दिसतच नाही. म्हणून फोन बंद करा. क्लेम क्रमांक टाकून टीपीएच्या वेबसाइटवर स्थिती बघा, तिथे क्वेरीचं पत्र डाउनलोड होतं. दिसत नसेल तर लेखी विचारा. बंद झालेली फाइल कागद दिल्यावर पुन्हा उघडता येते.

अपघाताच्या क्लेममध्ये अडकवणारे कागद जवळजवळ ठरलेले असतात. इम्प्लांटचं स्टिकर आणि त्याचं खरेदीबिल : रॉड आणि स्क्रूच्या पाकिटावरचं बॅच नंबरचं स्टिकर ऑपरेशनच्या नोंदीत चिकटवलेलं असतं, त्या पानाची प्रत मागा. ‘इम्प्लांट ४२,०००’ एवढी एक ओळ बिलात असेल तर कंपनी ती अडवणारच. ऑपरेशनच्या आधीचा आणि नंतरचा एक्स-रे, दोन्ही. बिलाचं तपशीलवार विभाजन. औषधांच्या प्रत्येक बिलाला जोडलेली चिठ्ठी. एमएलसी (पोलिसांना कळवायच्या केसची दवाखान्यातली नोंद) किंवा एफआयआरची प्रत. रुग्णालयाच्या नोंदणीचा क्रमांक. आणि रद्द केलेला चेक, ज्यावर नाव छापलेलं आहे असा. ही शेवटची क्षुल्लक गोष्ट, पण तिच्यासाठी महिना महिना जातो.

याशिवाय दोन गोष्टी आहेत ज्या कुणी आधी सांगत नाही. एक म्हणजे दारूचा रकाना. कॅज्युअल्टीच्या कागदावर ‘मद्यपानाचा इतिहास’ समोर काहीच लिहिलेलं नसेल तर तपासनीस नेमका तिथेच बोट ठेवतो. दाखल करताना दारूचा वास किंवा लक्षणं नव्हती, असं उपचार करणाऱ्या डॉक्टरांचं एका ओळीचं प्रमाणपत्र घेऊन ठेवा. दुसरी त्याहून महत्त्वाची : सगळ्यात पहिल्या दवाखान्यात, म्हणजे जिथे अँब्युलन्सने आधी नेलं तिथे, अपघात कसा झाला याची काय नोंद झाली आहे ते स्वतः वाचा. जखमी माणूस कळवळत असतो, सोबत आलेला अनोळखी माणूस ‘गाडीवरून पडले’ एवढंच सांगतो आणि कागदावर ‘दुचाकी घसरून पडले’ असं उमटतं. मग एफआयआरमध्ये टेम्पोची धडक आणि केस पेपरवर घसरून पडणं, असा विसंवाद तयार होतो. मेडिक्लेमवाले यावरून फार तर स्पष्टीकरण मागतील. पण टेम्पोची कंपनी न्यायाधिकरणात ‘आमच्या गाडीचा संबंधच नाही’ असं म्हणायला हाच कागद पुढे करते. अशी नोंद असेल तर ती माहिती कुणी दिली हे त्या डॉक्टरांकडून लेखी घ्या आणि १०८ च्या अँब्युलन्सने नेलं असेल तर तिच्या नोंदीची प्रत मागा. मूळ कागदावर खाडाखोड मात्र कुणालाही करू देऊ नका. त्याने होतं नव्हतं ते जातं.

मुदतीचं म्हणाल तर अनेक जुन्या आरोग्य पॉलिसींच्या मजकुरात लिहिलेलं असतं : शेवटचा आवश्यक कागद मिळाल्यापासून ३० दिवसांत निर्णय, तपासणीची गरज पडली तर ४५ दिवस आणि त्यापुढच्या विलंबाला बँक दरापेक्षा २ टक्के जास्त व्याज. तुमची पॉलिसी उघडा, ‘क्लेम सेटलमेंट’ या शीर्षकाखाली ती अट शोधा, पान क्रमांक लिहून घ्या. सगळा खेळ ‘शेवटचा आवश्यक कागद’ या शब्दांवर आहे. कंपनी दर वेळी एक नवा कागद मागते आणि घड्याळ पुन्हा शून्यावर आणते. म्हणून पुढचं पत्र असं लिहा आणि कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला पाठवा. त्याचा पत्ता आणि ईमेल पॉलिसीवर छापलेला असतो. ईमेल करा, शिवाय स्पीड पोस्टाने पाठवून पावती ठेवा.

‘पॉलिसी क्रमांक …, क्लेम क्रमांक …. माझ्या पतीच्या दि. … रोजीच्या अपघातातील उपचारखर्चाचा दावा दि. … रोजी कागदपत्रांसह दिला आहे, पोच सोबत जोडली आहे. कोणते कागद कमी आहेत, दावा तपासणीसाठी दिला असल्यास केव्हा व कशासाठी दिला आणि शेवटचा आवश्यक कागद आपणास कोणत्या तारखेस मिळाला असे आपण धरता, यांपैकी काहीही आपण लेखी कळवलेले नाही. हे तिन्ही मुद्दे सात दिवसांत कळवावेत व दावा निकाली काढावा. विलंबाच्या काळाचे व्याज पॉलिसीतील अटीनुसार द्यावे. हे पत्र तक्रार म्हणून नोंदवून तक्रार क्रमांक द्यावा.’

शेवटचं वाक्य गाळू नका. ते नसलं तर तुमचं पत्र ‘चौकशी’ म्हणून नोंदलं जातं आणि पुढच्या पायऱ्यांसाठी उपयोगी पडत नाही. त्याच दिवशी विमा नियामकाच्या ‘बीमा भरोसा’ पोर्टलवर हीच तक्रार टाका किंवा १५५२५५ या क्रमांकावर नोंदवा. एक महिना झाला आणि उत्तर नाही, किंवा आलेलं उत्तर पटलं नाही, तर विमा लोकपाल, म्हणजे विम्याच्या तक्रारींवर निवाडा देणारा अधिकारी. सातारा जिल्ह्यासाठी पुण्याचं कार्यालय आहे. तिथे फी नाही, वकील चालत नाही, तुम्हालाच बोलायचं असतं. ५० लाखांपर्यंतच्या तक्रारी घेतात. कंपनीच्या नकारापासून, किंवा उत्तरच नसेल तर तो महिना संपल्यापासून, एका वर्षाच्या आत जायला हवं. लोकपालाचा निवाडा कंपनीने ३० दिवसांत पाळायचा असतो, नाही पाळला तर दिवसाला ५,००० रुपये तक्रारदाराला द्यावे लागतात. ग्राहक आयोगाचाही मार्ग आहे, पण दोन्हीकडे एकाच वेळी जाता येत नाही. तुमच्या रकमेच्या तक्रारीला आम्ही आधी लोकपालच सुचवू.

पैसे आले तरी हिशेब तपासा. इथे फार लोक हजारो रुपये सोडून देतात. तुमची पॉलिसी तीन लाखांची. अशा पॉलिसीत खोलीभाड्याची मर्यादा पुष्कळदा विमा रकमेच्या १ टक्का, म्हणजे दिवसाला ३,००० असते. समजा तुम्ही ४,५०० ची खोली घेतली. मग कंपनी ‘प्रमाणशीर कपात’ लावते, म्हणजे खर्चाच्या दोन तृतीयांशच देते. पण नियामकाच्या नियमानुसार ही कपात औषधं आणि कन्झ्युमेबल्स (वापरून टाकायच्या वस्तू), इम्प्लांट आणि तपासण्या यांना लावता येत नाही. उदाहरण म्हणून १,८४,००० चं असं विभाजन धरा : खोली सहा दिवसांची २७,०००, ऑपरेशन-भूल-व्हिजिट वगैरे ७३,०००, इम्प्लांट ४२,०००, औषधं ३१,०००, एक्स-रे आणि रक्ततपासण्या ११,०००. बरोबर हिशेब असा : खोलीचे १८,०००, ऑपरेशन वगैरेचे ४८,६६७ आणि उरलेले ८४,००० पूर्ण. एकूण १,५०,६६७. सगळ्या बिलावर सरसकट दोन तृतीयांश लावलं तर येतात १,२२,६६७. फरक २८,००० चा. हातमोजे, नोंदणी शुल्क असल्या न मिळणाऱ्या बाबी यातून आणखी थोड्या जातील, ते ठीक. पण सेटलमेंटच्या पत्रात कपातीच्या कारणांचा तक्ता असतो, तो बिलाशेजारी ठेवून ओळ न् ओळ टिक करा. कमी रक्कम खात्यात जमा झाली म्हणजे तुम्ही ती ‘मान्य’ केली असं होत नाही. उरलेल्या रकमेची तक्रार वरच्याच मार्गाने करता येते.

दवाखान्यातून सुटल्यानंतरच्या ठरावीक दिवसांचा खर्चही, सहसा ६० दिवसांचा, पॉलिसीत धरलेला असतो. फिजिओथेरपी, ड्रेसिंग, नंतरचे एक्स-रे यांची बिलं वेगळा अर्ज करून द्यायची असतात. त्यालाही पॉलिसीत मुदत दिलेली असते. तुमची ती बहुधा उलटली असेल. तरी उशिराचं कारण लिहून द्या, निव्वळ उशिरासाठी खरा दावा नाकारू नये असा नियामकाचा दंडक आहे.

एक अडचण आताच सोडवून घ्या. तुम्ही मूळ बिलं मेडिक्लेमला दिलीत आणि न्यायाधिकरणाला मूळ बिलं लागतात. दवाखान्याच्या बिलिंग विभागातून सगळ्या बिलांची आणि पावत्यांची दुय्यम प्रत सही-शिक्क्यानिशी घ्या, मेडिकल दुकानातूनही घ्या. मेडिक्लेमचं सेटलमेंट पत्र आलं की तेही जोडा. मूळ कागद कुठे गेले याचा तोच पुरावा. गरज पडली तर दवाखान्याच्या बिल कारकुनाला साक्षीला बोलावता येतं.

आता टेम्पोच्या बाजूला येऊ. इथे उशीर पोलीस ठाण्यात सुरू होतो. ‘चार्जशीट झाल्यावर या’ हे उत्तर आता चालणारं नाही. २०२२ पासून लागू असलेल्या केंद्रीय नियमांप्रमाणे तपास अधिकाऱ्याने अपघाताचा पहिला अहवाल ४८ तासांत, अंतरिम अहवाल ५० दिवसांत आणि तपशीलवार अहवाल, ज्याला ठाण्यात डीएआर म्हणतात, ९० दिवसांत मोटार अपघात दावा न्यायाधिकरणाला आणि विमा कंपनीला द्यायचा असतो. सर्वोच्च न्यायालयानेही डिसेंबर २०२२ मध्ये याची अंमलबजावणी करा असं बजावलं आहे. तुमच्या बाबतीत सव्वाशेच्या वर दिवस झालेत. ठाण्यात जाऊन तोंडी विचारू नका, दोन प्रतींत अर्ज द्या : ‘गुन्हा क्रमांक … मधील पहिला, अंतरिम व तपशीलवार अपघात अहवाल न्यायाधिकरणास कोणत्या तारखेस पाठवला ते कळवावे व प्रती द्याव्यात.’ दुसऱ्या प्रतीवर आवक क्रमांक आणि शिक्का घ्या. शिक्का देत नसतील तर तोच अर्ज उपविभागीय पोलीस अधिकाऱ्यांना स्पीड पोस्टाने पाठवा. नुसत्या या एका पावतीने बरीच ठाणी हलतात.

कायद्यात असंही आहे की पोलिसांचा हा अहवाल न्यायाधिकरणाने भरपाईचा अर्ज म्हणूनच धरायचा. कागदावर छान आहे. पण तो पोचला का, त्यात तुमच्या पतीचं नाव-वय-दुखापत बरोबर आहे का, हे तुम्ही पाहिलेलं नाही. त्यामुळे स्वतःचा अर्ज टाकाच. अपघात झाला ते ठिकाण, तुम्ही राहता ते ठिकाण किंवा टेम्पोमालक राहतो ते ठिकाण, यांपैकी कुठल्याही हद्दीतल्या न्यायाधिकरणात टाकता येतो. अर्ज दाखल करायला चार्जशीट, अपंगत्वाचा दाखला, शेवटची बिलं यांची वाट बघावी लागत नाही, ते नंतर जोडता येतं. आत्ता लागतं ते एवढंच : एफआयआर, घटनास्थळाचा पंचनामा, डिस्चार्ज कार्ड, ओळखपत्र, पतीचं लायसन्स आणि टेम्पोचं आरसी व विम्याचा तपशील. टेम्पोच्या पॉलिसीची प्रत पोलिसांकडे असते. नसेल तर गाडी नंबरवरून एमपरिवहन ॲपवर विम्याची माहिती सापडते. पॉलिसी अपघाताच्या दिवशी चालू होती का ते बघा, आज चालू आहे म्हणून खूश होऊ नका.

एफआयआर वाचताना कलमं बघा. १ जुलै २०२४ नंतरच्या अपघातांना भारतीय न्याय संहिता लागते. भरधाव वाहन चालवण्यासाठी २८१, साध्या दुखापतीसाठी १२५(अ), गंभीर दुखापतीसाठी १२५(ब). हाड मोडणं ही व्याख्येनेच गंभीर दुखापत आहे. पण एफआयआर पहिल्या दिवशी, एक्स-रे हातात यायच्या आधी लिहिला जातो आणि १२५(अ) वरच राहून जातो. एक्स-रेचा रिपोर्ट जोडून १२५(ब) वाढवण्याचा अर्ज तपास अधिकाऱ्याला द्या.

त्या ६०,००० वाल्या गृहस्थांबद्दल. विमा कंपनीला तडजोडीचा प्रस्ताव द्यायचा अधिकार आहे, कायद्यानेच दिलाय. पण तो कंपनीच्या नेमलेल्या अधिकाऱ्याने न्यायाधिकरणापुढे, लेखी, रकमेच्या तपशिलासह द्यायचा असतो. तुम्ही मान्य केला तर न्यायाधिकरण तशी नोंद करतं आणि ३० दिवसांत पैसे द्यावे लागतात. घरच्या ओट्यावर स्टॅम्पपेपर काढणारा माणूस या पद्धतीत कुठेच बसत नाही. तो कंपनीचा तपासनीस असेल, टेम्पोमालकाचा माणूस असेल किंवा निव्वळ दलाल असेल. त्याला ओळखपत्र आणि कंपनीच्या लेटरहेडवर प्रस्ताव मागा, बहुधा परत येणार नाही. सही, अंगठा, कोऱ्या कागदावरची सही, ‘फक्त भेट झाली म्हणून’ सही, काहीच देऊ नका.

कलम १६४ खाली चूक कुणाची हे सिद्ध न करता गंभीर दुखापतीसाठी अडीच लाख मिळण्याची तरतूद आहे. लवकर मिळतात म्हणून तो मार्ग कुणी सुचवेल. मात्र ती रक्कम स्वीकारली की कलम १६६ चा मोठा दावा संपतो. घ्यायचं की नाही ते खालचा हिशेब करून ठरवा.

भरपाईत कायम अपंगत्वामुळे बुडणारी कमाई हा सगळ्यात मोठा भाग असतो. पद्धत ठरलेली आहे. समजा महिन्याची १८,००० कमाई सिद्ध झाली. वर्षाचे २,१६,०००. स्वतःचं काम करणाऱ्या आणि चाळिशीच्या आतल्या माणसाला भविष्यातल्या वाढीसाठी ४० टक्के मिळवतात : ३,०२,४००. त्यांच्या कामाच्या दृष्टीने अपंगत्व १५ टक्के धरलं गेलं, तर वर्षाचं नुकसान ४५,३६०. वर्षाच्या नुकसानीला वयानुसार ठरलेल्या गुणकाने गुणतात, वय ३६ ते ४० ला तो १५ आहे. म्हणजे ६,८०,४००. घरी बसलेल्या महिन्यांची कमाई, उपचार, वेदना, सोबतीचा माणूस, खुराक, रिक्षा आणि पुढे रॉड काढण्याचं ऑपरेशन हे सगळं त्याशिवाय, वर अर्जाच्या तारखेपासून व्याज. आता ६०,००० कडे बघा. हे आकडे मिळतीलच असं नाही. कमाई कमी धरली, अपंगत्व ८ टक्केच ठरलं, हेल्मेट किंवा चुकीच्या बाजूने येणं यावरून तुमच्याही वाट्याला थोडी चूक टाकली, तर रक्कम बरीच खाली येते. तरी अंदाज यावा म्हणून मांडलं.

या हिशेबात तुमच्या हातातले आकडे दोनच, कमाई आणि अपंगत्व. कमाईसाठी आधीच्या वर्षांचे आयकर विवरण असेल तर उत्तम. नसेल तर अपघातानंतर घाईने भरलेलं विवरण संशय वाढवतं, त्याचा फारसा उपयोग नाही. त्यापेक्षा यूपीआयच्या नोंदी असलेलं बँक स्टेटमेंट, बिलबुक, तांब्याची तार आणि वायर जिथून घेता त्या दुकानाची खातेवही, गुमास्ता किंवा उद्यम नोंदणी आणि नेहमी काम देणाऱ्या दोघा-तिघांची साक्ष. काहीच नसेल तर किमान वेतनाच्या आसपास धरतात.

अपंगत्वाचं म्हणाल तर घाई करू नका. हाड जुळून सुधारणा थांबल्याशिवाय टक्का ठरवता येत नाही, नडगीच्या रॉडला सहा महिने ते वर्ष सहज लागतं. दाखला जिल्हा रुग्णालयातून घ्या, अर्ज स्वावलंबन पोर्टलवर होतो. ऑपरेशन करणाऱ्या डॉक्टरांचंही प्रमाणपत्र घ्या आणि ते साक्षीला येतील का ते आधीच विचारा, कारण कागद आणून नुसता टाकला तर कंपनी उलटतपासणीचा हक्क मागते. आणि इथे एक फरक लक्षात ठेवा. दाखल्यावर ‘उजव्या पायाचं ३० टक्के’ असं असतं, न्यायाधिकरण बघतं ते कमाईवर किती परिणाम झाला. टेबलावर बसून काम करणाऱ्याला घोटा न वळण्याने फार बिघडत नाही, वायरमनला शिडी चढता आली नाही की निम्मी कामं गेली. सर्वोच्च न्यायालयाने २०१० च्या एका निकालात हा फरक स्पष्ट केला आहे. म्हणून अर्जात नुसतं ‘इलेक्ट्रिशियन’ लिहू नका. शिडी, खांब, गच्चीवरची टाकी, विहिरीवरची मोटार उचलणं, यांपैकी काय बंद झालं ते एकेक लिहा.

वकील न परवडल्यास तालुका विधी सेवा समितीकडे अर्ज करा. ठरावीक उत्पन्नाच्या आतल्यांना, स्त्रियांना, अपंग व्यक्तींना मोफत वकील मिळतो. खासगी वकील केलात तर फी आकड्यात ठरवून लिहून घ्या. निकालातली टक्केवारी ठरवणं वकिलांच्या नियमांत बसत नाही, आणि कोरा चेक किंवा पासबुक ठेवून घेणाऱ्याकडे जाऊच नका. भरपाई थेट पतीच्या खात्यात जमा व्हायला हवी, खातं चालू आणि आधारशी जोडलेलं आहे ना बघा. लोकअदालतीची नोटीस आली तर जरूर जा, तिथे पैसे लवकर सुटतात. पण तिथल्या निवाड्यावर अपील नाही. अपंगत्वाचा दाखला हातात येण्याआधी तिथे आकडा कबूल करू नका.

दोन लहान गोष्टी. पतीच्या बँक खात्यातून दरवर्षी मे-जूनमध्ये २० रुपये कापले जात असतील तर ती पंतप्रधान सुरक्षा बिमा योजना. एक पाय कायमचा निकामी झाला तरच तिच्यात एक लाख मिळतो, रॉड घातलेल्या पायाला सहसा नाही. दुचाकीच्या विम्यातल्या १५ लाखांच्या मालक-चालक कव्हरचंही तसंच, ते मृत्यू आणि अवयव गमावण्यासाठी आहे. पण वेगळी वैयक्तिक अपघात पॉलिसी कधी काढली असेल, कर्ज घेताना बँकेने माथी मारलेली का असेना, ती शोधा. तिच्यात घरी बसलेल्या आठवड्यांचे पैसे मिळण्याची सोय असू शकते.

आजपासून एक वही करा. डाव्या पानावर तारीख आणि कुठे गेलो, उजव्या पानावर खर्च : रिक्षा, फिजिओ, कुबडीचं रबर बदललं ते ४० रुपयेसुद्धा. आणि पुढच्या तपासणीला डॉक्टरांकडून रॉड काढण्याचा अंदाजे खर्च लेटरहेडवर लिहून घ्या, कारण ते ऑपरेशन झालेलं नसलं तरी त्याचे पैसे याच अर्जात मागायचे असतात.